कॅमेऱ्याला टोपडं घालणारे घरमालक

आमचे घरमालक सकाळी सातला दात घासत अंगणात उभे राहायचे आणि जिन्यावरून उतरणाऱ्या प्रत्येकाला तोंडात फेस असतानाच काहीतरी सुनवायचे. फेसामुळे शब्द नीट कळायचे नाहीत, अपमान मात्र बरोबर पोहोचायचा. आम्ही जालन्याच्या मस्तगडात त्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत सहा वर्षं राहिलो. त्या सहा वर्षांत त्यांनी माझी वेणी, आईची फोडणी, माझ्या वडिलांची म्हणजे अण्णांची सायकल आणि आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचं चालणं यांवर टीका केली. चांगलं म्हणावं असं त्यांना जगात फक्त एकच माणूस सापडला होता, आणि तो ते स्वतः होते.

नाव सांगत नाही. त्यांचे पुतणे अजून जालन्यात आहेत आणि काकांच्याच वळणावर गेले आहेत. गाव त्यांना फोटोवाले काका म्हणायचं. काकू अंबडकडच्या गावी शेतावर राहायच्या. त्या तिकडे का राहतात, असा प्रश्न नवीन माणसाला पडायचा. काकांसोबत दहा मिनिटं काढली की पडायचा नाही.

नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं. त्या दिवशी काका मनगटावरचं घड्याळ हातात काढून घेऊन नळाशी उभे राहायचे. एकदा माझी मावशी परतूरहून आली होती आणि नेमका तोच नळाचा दिवस निघाला. काकांनी तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि आईला म्हणाले, "पाव्हणे बराबर दिवस पाहून येऊन राह्यले तुमच्याकडं." मावशी नंतर कधी मुक्कामाला आली नाही.

खाली त्यांचा फोटो स्टुडिओ होता. वीसेक वर्षं चालला, मग कलर लॅबवाल्यांनी तो मारला. दोन हजार सालानंतर कधीतरी त्यांनी अर्ध्या जागेत चार कॉम्प्युटर मांडून नेट कॅफे काढला. उरलेल्या अर्ध्या जागेत दोन स्टँडचे दिवे, एक मोडका स्टूल आणि मागचा रंगवलेला पडदा तसाच राहिला. पडद्यावर तळं होतं, तळ्यात बदकं होती आणि काठावर नारळाची झाडं होती. कॅमेऱ्यासमोर बसणाऱ्याच्या मागे हे तळं यायचं. टँकरची वाट पाहून आलेली आमची पोरं तिकडच्या माणसाला तलावकाठी बसलेली दिसायची. काकांना तो पडदा काढायचा कंटाळा आहे, अशी माझी खात्री होती. एकदा विचारलं तर म्हणाले, "मागं कॅलेंडर दिसलं, दुकानाची पाटी दिसली, खिडकीतून मंदिर दिसलं, की पत्ता कळला. बदकावरून कुणाला पत्ता सापडत न्हाई." हे मला तेव्हा कंटाळ्याला दिलेलं कारण वाटलं.

त्यांचा सगळ्यात हास्यास्पद उद्योग म्हणजे टोपडी. जुन्या पेटीवजा कॅमेऱ्यावर पांघरायचं काळं कापड होतं, ते कापून त्यांनी चार वेबकॅमना चार टोपडी शिवली होती. तान्ह्या बाळाला घालतात तशी, खाली नाडी असलेली. कॅमेरा वापरायचा तर टोपडं काढायचं, काम झालं की घालून नाडी बांधायची. एखादा तसाच उठून गेला तर काका रस्त्यापर्यंत मागे जाऊन त्याला परत आणायचे. कॉलेजच्या मुली त्यावर खूप हसायच्या. मीही हसायचे.

आणि गंमत म्हणजे या माणसाला कॉम्प्युटरमधलं काहीही येत नव्हतं. माऊस अडला की ते तो तोंडाजवळ धरून फुंकर मारायचे. दुपारी मॉनिटरला आराम हवा म्हणून एक तास सगळं बंद. सकाळी सीपीयूला उदबत्ती. टाइप करायचं ते एका बोटाने, तेही अक्षर सापडल्यावर विजयी मुद्रेने इकडेतिकडे पाहत. मी तेव्हा बी.कॉम. होऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, त्यामुळे काही बिघडलं की जिन्याखालून हाक यायची. मी उतरायचे, दुरुस्त करायचे आणि जाताना ऐकायचे की एवढ्या शिकलेल्या पोरीला इतका वेळ लागायला नको होता.

दुसऱ्याच्या खाजगी गोष्टी जपाव्यात यावर तासभर प्रवचन देणारा हा माणूस स्वतः मात्र प्रत्येकाच्या खुर्चीमागे उभा राहून स्क्रीन वाचायचा. मनात नव्हे, मोठ्याने. एका मुलाला नोकरीचं नकाराचं पत्र आलं, ते त्याच्या आधी काकांनी वाचून अख्ख्या दुकानाला सांगितलं. मी तोंडावर म्हटलं की तुम्हीच सगळ्यांच्या मागे डोकावता. त्यावर उत्तर तयार होतं. "मी मागं उभा हाय ते तुला दिसून राह्यलं ना? जो दिसत न्हाई त्याला भे."

आईबापांवर तर त्यांचा विशेष राग. पोराला एकट्याला खुर्चीवर बसवून बाहेर चहाला जाणारा बाप दिसला की ते पेटायचे. कापड बाजारातले एक मारवाडी शेठ आपल्या सातवीतल्या मुलीला घेऊन यायचे. मुलीची दिल्लीची कोणी मैत्रीण होती आणि ती कॅमेऱ्यावर बोलायला बोलवायची. शेठ कौतुकाने सांगायचे की आमची गुडिया सगळं जाणते, आम्हाला तर यातलं काही कळत नाही. काकांनी विचारलं, ती मैत्रीण तुम्ही पाहिली का? शेठ म्हणाले, तिचा कॅमेरा खराब आहे म्हणते. काकांनी मोडका स्टूल ओढून मुलीच्या खुर्चीला चिकटवला आणि म्हणाले, बसा. शेठ म्हणाले, दुकान सोडून इथे कसा बसू? त्यावर काका म्हणाले, "मंग असं करा. गुडियाला दुकानाच्या गल्ल्यावर बसवा अन् तुम्ही इथं बसून दिल्लीवालीशी बोला. जिला सगळं कळतं तिला दुकान कळंलच की."

शेठ मुलीला घेऊन गेले ते स्टेशनकडच्या दुसऱ्या कॅफेत. तिथे स्टूल नव्हता आणि प्रश्नही नव्हते. काकांची अशी किती गिऱ्हाइकं गेली असतील, त्याची त्यांना फिकीर नव्हती. आईबाप यंत्राला घाबरतात आणि माणसाला घाबरत नाहीत, हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. दिवसातून तीनदा ऐकलं की कुठल्याही वाक्याचा वीट येतो.

स्टुडिओच्या काळातली त्यांची एक पद्धत मात्र आई सांगायची. लग्नासाठी मुलीचा फोटो काढला की काका प्रत आणि निगेटिव्ह एकाच पाकिटात घालून मुलीच्या स्वतःच्या हातात द्यायचे. बापाच्या नाही, भावाच्या नाही. बाप रागावायचे. काकांचं म्हणणं असं की फोटो मुलाकडे जातो, तिथून त्याच्या मित्रांकडे जातो, मग कुठे जातो ते देवाला ठाऊक. परत आलेले फोटो त्यांनी फार थोडे पाहिले. निदान निगेटिव्ह तरी जिचं तोंड आहे तिच्याकडे असावं. हे मला बरं वाटायचं, पण असं बरं वाटू द्यायचं नाही असा काकांचा स्वभाव होता. फोटो देताना ते मुलीला सांगायचे की नाक सुधारता आलं नाही, तेवढं चालवून घे.

माझं स्थळ मामाने आणलं. अंबड तालुक्यातलं मोठं शेतीवालं घर, मुलगा अमेरिकेत इंजिनिअर. घर खरं होतं, मुलगा खरा होता, पत्रिका जुळली होती. मुलाला सुट्टी नव्हती, म्हणून आधी कॅमेऱ्यावर पाहू असं ठरलं. अण्णा जिल्हा परिषदेचे शिक्षक. आष्टीहून बदली घेऊन आमच्या शिक्षणासाठी जालन्यात आलेले. अमेरिका हा शब्द त्यांनी त्या आठवड्यात इतक्यांदा उच्चारला की आईने एकदा त्यांना वर्गात आहात का असं विचारलं.

रविवारी सकाळी नऊला आम्ही खाली उतरलो. अण्णा, आई, मामा आणि साडीतली मी. मामाने पोह्यांचा ट्रे आणला होता. कोणासाठी, असं विचारायचं मला सुचलं नाही. तळ्याच्या पडद्यासमोर मला बसवलं, काकांनी टोपडं काढलं आणि मामाने पोह्यांची बशी कॅमेऱ्यापुढे धरून घ्या म्हटलं. पद्धत म्हणजे पद्धत. बशी बराच वेळ तशीच धरलेली होती, त्यामुळे अमेरिकेला पहिली पाच मिनिटं फक्त खोबरं आणि कोथिंबीर दिसली असणार.

अण्णांनी पुठ्ठ्यावर माझी माहिती लिहून आणली होती. नाव, जन्मवेळ, कॉलेज, घराचा पूर्ण पत्ता, फोन नंबर. फळ्यावरच्यासारखं सुंदर अक्षर. ते पुठ्ठा कॅमेऱ्यासमोर धरणार तेवढ्यात काकांनी तो काढून घेतला आणि उलटा करून टेबलावर ठेवला. त्यांनी विचारलं की हे चौकात लावणार होता का. अण्णांचा चेहरा पडला. मला त्या क्षणी काका असह्य झाले. माझ्या बापाला असं चारचौघांत बोलायचा यांना काय अधिकार?

दुकानात स्पीकर नव्हते. काकांनीच काढून टाकले होते, कारण पोरं गाणी लावतात. ऐकायचं ते हेडफोनमधून, आणि हेडफोन एक. तो साहजिकच वडील माणसाच्या कानाला लागला. अण्णा ऐकायचे आणि आम्हाला मोठ्याने सांगायचे. उभी राहा म्हणतायत. चष्मा काढ म्हणतायत. वेणी पुढे घे म्हणतायत. मी सगळं केलं. मग, चालून दाखव म्हणतायत. पडद्यापासून काउंटरपर्यंत मी चालले आणि परत आले. चित्र अडकलं म्हणतायत, पुन्हा चाल. पुन्हा चालले. मग अण्णा म्हणाले, "अजून एकदा. सावकाश चाल, घाई करू नकोस." बाकीच्या कॉम्प्युटरवरची दोन माणसं आपलं काम सोडून पाहत होती. आई पदराशी चाळा करत खाली बघत होती.

काका नेहमीप्रमाणे खुर्चीमागे येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता हे माझ्या चालण्यावर काहीतरी बोलणार. पण ते माझ्याकडे पाहतच नव्हते. स्क्रीनवरच्या मुलाकडे पाहत होते.

"गुरुजी, त्या खोलीत अजून कोण हाय?"

"कोणी नाही," अण्णा म्हणाले. "एकटेच आहेत."

"एकटा माणूस कॅमेऱ्याकडं बघतो. मी आयुष्यभर तेच पाहिलं. हा घडीघडी डावीकडं कुणाला बघून राह्यला?"

मामा म्हणाला की तुम्ही तुमचं काम करा. काकांनी अण्णांच्या डोक्यावरून हेडफोन उचलला, आपल्या कानाला लावला, जेमतेम दोन श्वासांपुरता. त्यांचा चेहरा एरवी इतका बोलका की नुसत्या भुवईने माणसाचा पाणउतारा करायचे. तो चेहरा अगदी कोरा झाला. मग त्यांनी हेडफोन माझ्या कानांवर ठेवला. गजरा दबला.

तीन-चार जण हसत होते. तोंडावर हात ठेवून हसावं तसं नव्हे, मोकळं, मोठ्याने. कोणीतरी म्हणालं, एक बार और घुमा ना यार. आणि ज्याच्याशी माझी पत्रिका जुळली होती तो म्हणाला, रुक, बाप मास्टर है, जो बोलूँगा करवाएगा.

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि जिना चढून वर गेले. खालून मामाचा आवाज येत होता, काकांचा नव्हता. थोड्या वेळाने अण्णा वर आले आणि म्हणाले की लाईन गेली.

दोन दिवसांनी मुलाकडून निरोप आला. पोरं थट्टा करत होती, मनावर घेऊ नका, येत्या रविवारी दुसऱ्या एखाद्या ठिकाणी बसू. अण्णा हो म्हणाले. मी नाही म्हटलं. कारण विचारलं तर मी तोंड उघडलं नाही, कारण ते सांगायचं म्हणजे अण्णांना विचारावं लागणार होतं की तुम्हाला हे ऐकू येत होतं का. अण्णांचा एक कान जरा अधू होता. मी मनाची समजूत घातली की त्यांना हसणं ऐकू गेलं नसेल, खरखर वाटली असेल. ही समजूत मी आठवडाभर हातात धरून होते आणि ती सुटेल म्हणून रात्रंदिवस धास्तावलेली होते.

राग निघाला तो काकांवर. दुपारी मॉनिटर आराम करत असताना मी खाली गेले आणि त्यांना विचारलं, मला कामून ऐकवलंत? वायर ओढायची होती, मला बाहेर काढायचं होतं. स्पीकर तुम्हीच काढून टाकलेत, आणि वर शहाणपण शिकवता. तुमच्यामुळे माझ्या डोक्यात माझ्या बापाबद्दल नाही ते आलं.

ते टोपड्याची नाडी शिवत होते. सुई बाजूला ठेवून म्हणाले, "स्पीकरचं बराबर हाय, ती माझी चूक. पण तोंड तुझं दिसून राह्यलं होतं तिकडं. मी वायर ओढली असती तर पुढच्या रविवारी तुला पुन्हा बसवलं असतं, अन् तू बसली असतीस."

मी वर आले. त्यांचं बरोबर होतं, आणि बरोबर असणाऱ्या माणसाचा जेवढा राग येतो तेवढा चुकणाऱ्याचा कधी येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात नवी पाटी लागली. मुलगी दाखवायची असल्यास हेडफोन मुलीच्या कानाला लावला जाईल. त्या खोलीत कोण कोण आहे ते आधी कॅमेरा फिरवून दाखवण्यास सांगावे. आईवडिलांनी शेजारी बसावे, मधे बसू नये. पाटी अर्थात त्यांच्या नेहमीच्या उद्धट अक्षरात, रस्त्यावरून वाचता येईल अशी. अण्णांनी ती वाचली आणि खोल्या सोडायचं ठरवलं. महिन्याभरात आम्ही नूतन वसाहतीकडे गेलो.

सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा शेजारची चार माणसं जमली. कोणीतरी विचारलं की गुरुजी, का सोडून चाललात. अण्णा मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, की या माणसाने माझ्या पोरीचं चांगलं स्थळ घालवलं, मुलाचा अपमान केला, आता इथे राहवत नाही. गल्लीत तोवर हे पसरलेलंच होतं. पुढे कित्येक वर्षं मुलींचे बाप त्या कॅफेची पायरी चढले नाहीत ते याच बोलण्यामुळे.

काका दारात उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. सहा वर्षांत या माणसाने कोणाचा एकही शब्द ऐकून घेतला नव्हता. फेस तोंडात असतानासुद्धा नाही. आता ते एका वाक्यात अण्णांना तिथल्या तिथे गप्प करू शकत होते, आणि ते वाक्य येणारच, हे मी धरून चालले होते. ते अण्णांकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे पाहिलं.

"वरच्या मोरीची बादली राहिली गुरुजी," ते म्हणाले. "न्या आठवणीनं."

एवढं बोलून ते आत गेले. मी त्यांना त्यानंतर कधी भेटले नाही आणि कधी आभारही मानले नाहीत. पुढे माझं लग्न झालं, ते जालन्यातच. काका वारल्याचं मला पंधरा दिवसांनी कळलं, तेही वाण्याच्या दुकानात.

त्या दिवशी टेम्पोत ड्रायव्हरशेजारी अण्णा आणि खिडकीशी मी. गाडी गल्लीतून बाहेर पडली. काका जे बोलले नाहीत ते मला गिळता येत नव्हतं. मी अण्णांना विचारलं, तुम्हाला केव्हा ऐकू आलं?

त्यांनी नाही म्हणावं म्हणून मी थांबले होते. कानाचं काहीतरी सांगावं, मी मानलं असतं.

"दुसऱ्यांदा चालायला लावलं तेव्हा," अण्णा म्हणाले.

तिसऱ्यांदा सावकाश चाल, हे मला त्यांनी त्याच्यानंतर सांगितलं होतं.